कहव्याचा पेला आणि काझीचा निवाडा

घरी पाहुणा आला की "चहा घेणार की कॉफी?" असे विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. चहा नित्याचा, तर कॉफी थोडी खास, जायफळ-वेलदोडा घालून केलेली. 'कॉफी' हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु इंग्रजांनी तरी तो कोठून घेतला? युरोपातील भाषांनी तो तुर्कांच्या 'कहवे' या शब्दावरून घेतला आणि तुर्कांनी अरबांच्या 'कहवा' या शब्दावरून. कॉफीच्या बीला अरबीत 'बुन्न' म्हणतात. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना 'बुंद' म्हणत असत, तो शब्द याच 'बुन्न'चा वंशज होय. म्हणजे इंग्रजीतील कॉफी आपल्या स्वयंपाकघरात येण्यापूर्वी अरबी बुंद आपल्या बाजारपेठेत येऊन पोहोचला होता.

आज हे पेय इतके साधे व निरुपद्रवी वाटते की एकेकाळी त्याच्यावर चक्क खटला भरला होता, हे विद्यार्थी मित्रांना खरे वाटणार नाही. खटला भरला तो मक्का शहरात, आणि त्याची सुनावणी पुढे कैरो, इस्तंबूल व लंडनपर्यंत निरनिराळ्या रूपांत चालू राहिली. कहव्याचा इतिहास हा एका पेयाचा इतिहास तर आहेच. शिवाय एखादी नवी गोष्ट समाजात आली असता तिचा निवाडा कसा करावा, याचाही तो इतिहास आहे. म्हणूनच तो येथे थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

उगम : हबसाण आणि यमन

कॉफीचे मूळ झाड नैर्ऋत्य इथिओपियाच्या डोंगराळ जंगलातील. इथिओपिया म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतील हबसाण. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज याच भागातून आले, म्हणून कोकणाला हे नाव परके नाही. हबसाणातून ते झाड तांबडा समुद्र ओलांडून समोरच्या यमन देशात आले आणि तेथील डोंगरउतारांवर, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत त्याची पद्धतशीर लागवड सुरू झाली.

कॉफीच्या शोधाची एक गोष्ट आपण मुलांच्या पुस्तकांत वाचतो. एका धनगराच्या शेळ्या लाल फळे खाऊन नाचू लागल्या, ते पाहून त्याने ती फळे जवळच्या मठात नेली, आणि अशा रीतीने कॉफीचा शोध लागला. गोष्ट मोठी गोड आहे. परंतु ती प्रथम छापली गेली ती १६७१ साली, रोम शहरात. तोपर्यंत अरब जगात कहवा पिण्यास दोनशे वर्षे होऊन गेली होती. तेव्हा ही गोष्ट मनोरंजनासाठी ठेवावी आणि इतिहासासाठी दुसरीकडे पाहावे, हे बरे.

इतिहासाचा चांगला आधार आपल्याला अब्दुल कादिर अल-जझीरी यांच्या ग्रंथात मिळतो. सोळाव्या शतकातील या लेखकाने कहवा वैध आहे की नाही, या एकाच प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि त्यात आपल्यापूर्वीच्या लोकांच्या साक्षी गोळा केल्या. त्यात एडनचे विद्वान जमालुद्दीन अध-धभानी यांचे नाव येते. त्यांचे निधन १४७० च्या सुमारास झाले. त्यांनी हे पेय एडनमधील सूफींमध्ये रूढ केले, असे तेथे नोंदले आहे. दुसऱ्या परंपरेत हे श्रेय मोखा बंदरातील सूफी संत अली इब्न उमर अश-शाधिली यांना दिले जाते. नाव कोणाचेही असो, दोन्ही परंपरा एका गोष्टीवर एकमत आहेत. कहव्याचा प्रसार प्रथम यमनच्या सूफींनी केला, आणि तो रात्रीच्या इबादतीत जागे राहण्यासाठी केला.

सोळाव्या शतकाच्या आरंभी कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात यमनी विद्यार्थ्यांचा जो विभाग होता, तेथील कहवापानाचे वर्णन या ग्रंथात आले आहे. सोमवारी आणि शुक्रवारी रात्री जिक्रसाठी मंडळी जमत. लाल मातीच्या मोठ्या भांड्यात कहवा असे. त्यांचा प्रमुख लहानशा पळीने तो काढून उजवीकडून एकेकाला देई आणि सर्वजण कलम्याचा घोष करीत. म्हणजे ज्या पेयाची पुढे मद्याशी तुलना झाली, त्याचा जन्म जिक्रच्या मजलिशीत झाला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळचा कहवा एकाच प्रकारचा नव्हता. भाजलेल्या बियांची पूड उकळून केलेला कहवा एक. आणि फळाची वाळलेली साल उकळून केलेला 'किश्र' दुसरा. किश्र रंगाने फिका, चवीला किंचित आंबटगोड असतो आणि त्यात सुंठ किंवा आले घालतात. यमनमध्ये तो आजही प्यायला जातो. बी विकावी आणि साल घरी ठेवावी, असा शेतकऱ्याचा हिशेब त्यामागे होता. आपल्याकडील आल्याचा, गवती चहाचा काढा ज्यांना आवडतो, त्यांना किश्रची चव फार परकी वाटणार नाही.

मक्केतील खटला : १५११

यमनमधून कहवा मक्केत आला आणि तेथे तो लवकरच मशिदीच्या परिसरातून बाजारात गेला. कहवा विकणारी ठिकाणे निघाली. लोक तेथे बसू लागले, बुद्धिबळ खेळू लागले, गाणे ऐकू लागले. तेव्हा मक्केवर इजिप्तच्या ममलूक सुलतानांची सत्ता होती आणि त्यांच्या वतीने खाइर बेग हे बाजार व नीतिव्यवस्थेचे अधिकारी, म्हणजे मुहतसिब, म्हणून काम पाहत होते.

जून १५११ मधील एका रात्री हरमच्या परिसरात त्यांना काही माणसे कंदील लावून बसलेली दिसली. खाइर बेग जवळ येताच त्यांनी कंदील विझविले. मद्यपी लोक पेला फिरवितात त्याप्रमाणे ते एक पेला आपसांत फिरवीत होते. चौकशी करता समजले की पेल्यात कहवा आहे. अधिकाऱ्यांच्या मनात संशय आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शहरातील काझी व उलेमांची सभा बोलाविली आणि भर सभेत कहव्याचे भांडे, जणू आरोपी म्हणून, समोर ठेवले.

सभेतील चर्चा वाचण्यासारखी आहे. गैरवर्तन होत असेल तर अशा बैठका थांबवाव्यात, यावर सर्वांचे एकमत झाले. परंतु पेय मुळातच निषिद्ध आहे काय? या प्रश्नावर विद्वानांनी एक जुने तत्त्व पुढे ठेवले. अल्लाहने निर्माण केलेल्या वस्तू मूलतः वैध असतात. एखादी वस्तू निषिद्ध म्हणावयाची तर तिचा अपाय किंवा तिची नशा सिद्ध झाली पाहिजे. मग अपाय आहे की नाही, हे कोणी सांगावे? ते वैद्यांनी सांगावे, असे ठरले.

दोन हकीम बंधू सभेत आले. ते मूळचे इराणकडील. त्यांनी साक्ष दिली की कहवा शीत व रूक्ष प्रकृतीचा असून शरीरास अपायकारक आहे. काहीजणांनी पुढे येऊन सांगितले की, कहवा प्याल्यावर आपले भान हरपले. यांपैकी एकाची गोष्ट पुढे गमतीने सांगितली जाई. त्याने म्हटले, "कहव्याने अगदी मद्यासारखी नशा येते." सभेत हशा पिकला, कारण मद्याची नशा कशी असते हे त्याला कसे समजले, असा प्रश्न लगेच उभा राहिला. त्याने मद्य चाखल्याचे कबूल केले आणि कहव्याविरुद्ध साक्ष द्यावयास आलेल्या त्या गृहस्थालाच मद्यपानाची सजा झाली.

निकाल कहव्याच्या विरुद्ध लागला. मक्केत कहव्यास बंदी झाली, साठे रस्त्यावर जाळण्यात आले, विकणाऱ्या व पिणाऱ्या काहींना मार खावा लागला. परंतु या निकालाची कागदपत्रे मंजुरीसाठी कैरोला सुलतान कानसूह अल-घौरी यांच्याकडे गेली, तेव्हा तेथून आलेले उत्तर वेगळे होते. कहव्याच्या निमित्ताने होणाऱ्या आक्षेपार्ह बैठका बंद कराव्यात, एवढेच त्यात होते. खुद्द पेयावर बंदी नव्हती. पुढल्याच वर्षी खाइर बेग यांच्या जागी दुसरा अधिकारी आला. तो स्वतः कहवा पिणारा होता!

वस्तू आणि तिचा गैरवापर यांतील हा फरक मक्केतच पुढे आणखी एकदा स्पष्ट झाला. १५२५-२६ च्या सुमारास मुहम्मद इब्न अल-अर्राक या विद्वानांनी तेथील कहवाखाने बंद करविले. तेथील वर्तन त्यांना पसंत नव्हते. मात्र कहवा हे पेय वैध आहे, हे त्यांनी मान्य केले. ज्या गोष्टीला दोष द्यावयाचा, तिच्याच माथी तो मारावा, शेजारच्या वस्तूच्या माथी मारू नये, ही न्यायबुद्धी येथे दिसते.

कैरोचा काझी

१५१७ साली उस्मानी तुर्कांनी इजिप्त जिंकला आणि हिजाझही त्यांच्या अमलाखाली आला. पण कहव्याचा वाद मिटला नाही. कैरोत अहमद अस-सुंबाती नावाचे एक प्रभावी वाइज होते. कहवा निषिद्ध आहे, असे त्यांचे मत होते. १५३४-३५ साली त्यांचे प्रवचन ऐकून संतापलेला जमाव रस्त्यावर आला. कहवाखान्यांवर हल्ले झाले, भांडी फुटली, तेथे बसलेल्यांना मारहाण झाली. दुसऱ्या बाजूचे लोकही जमले आणि शहरात दोन तट पडले.

प्रकरण काझी मुहम्मद इब्न इलियास अल-हनफी यांच्यापुढे आले. त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. वाइजांचा अधिकार मोठा म्हणून त्यांचे मत मान्य करावे, ही एक. लोकांत कहवा प्रिय आहे म्हणून त्याला सूट द्यावी, ही दुसरी. काझीसाहेबांनी तिसरी वाट धरली. त्यांनी विद्वानांची मते विचारली आणि नंतर आपल्याच घरी कहवा तयार करविला. काही माणसांना तो पाजला, त्यांच्याबरोबर ते बोलत बसले आणि दिवसाचा बराच भाग त्यांचे निरीक्षण केले. त्यांच्या बोलण्यात काही बिघाड होतो काय, वागण्यात तोल जातो काय, भान हरपते काय, हे त्यांनी पाहिले. तसे काहीच दिसले नाही. तेव्हा त्यांनी कहवा वैध असल्याचा निर्णय दिला.

आज शाळेच्या प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना शिकवितो की आधी निरीक्षण, मग अनुमान. काझीसाहेबांजवळ परीक्षानळी नव्हती आणि रसायनशास्त्र आजच्या अर्थाने जन्मलेही नव्हते. परंतु प्रश्न नीट मांडावा, त्याचे उत्तर ज्या मार्गाने मिळू शकेल तो मार्ग धरावा, आणि आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये, ही वृत्ती त्यांच्या ठायी होती. मक्केच्या सभेत कहव्याचे भांडे समोर ठेवले होते, पण ते कोणी पिऊन पाहिल्याची नोंद नाही. कैरोच्या घरात तो प्रत्यक्ष पाजून पाहिला गेला. दोन निवाड्यांतील अंतर येथेच आहे.

मक्केच्या सभेतील उलेमांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्यांनी वैद्यांचे मत मागविले, हे योग्यच केले. उणीव राहिली ती एवढीच की साक्ष एकाच बाजूची ऐकली गेली आणि तिची पारख झाली नाही.

भीती पेयाची की बैठकीची?

इब्राहीम पेचेवी या तुर्की इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे १५५४-५५ च्या सुमारास अलेप्पोचा हकम आणि दमास्कसचा शम्स या दोघांनी इस्तंबूलमध्ये कहवाखाने उघडले. तेथे लेखक, कवी, शिक्षक, नोकरीच्या प्रतीक्षेतील काझी, असे सारे येऊन बसत. कोणी पुस्तक वाची, कोणी आपली नवी रचना ऐकवी, कोणी पट मांडी. अशा जागेत राज्यकारभाराची चर्चा होणारच, आणि तीच राज्यकर्त्यांना खुपू लागली. १६३३ साली इस्तंबूलला मोठी आग लागली. त्यानंतर सुलतान मुराद चौथे यांनी तंबाखूवर बंदी घातली आणि कहवाखाने बंद करविले. शिक्षा कडक होत्या. तरीही कहवा संपला नाही. कातिब चलबी या थोर तुर्की विद्वानांनी १६५६ साली 'मीजानुल हक' हा ग्रंथ लिहिला आणि त्यात कहव्यावर एक प्रकरण खर्च केले. फतवे निघाले, बंदी आली, पण लोकांनी तो सोडला नाही, हे त्यांनी नोंदविले आहे.

हे केवळ पूर्वेकडील राज्यांत घडले असे कोणी समजू नये. लंडनमध्ये पहिला कॉफीखाना १६५२ साली पास्का रोझे या तुर्की मुलखातून आलेल्या माणसाने उघडला. पुढे तेथे शेकडो कॉफीखाने झाले. एक पेनी देऊन कोणीही आत बसावे, वर्तमानपत्र वाचावे, व्यापाराची खबर घ्यावी. जगप्रसिद्ध 'लॉइड्स' ही विमासंस्था एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीखान्यातूनच वाढली. मात्र तेथील बोलण्यास राजा दुसरा चार्ल्स भ्याला. २९ डिसेंबर १६७५ रोजी त्याने सर्व कॉफीखाने बंद करण्याचा हुकूम काढला. लोकांत असा गदारोळ उडाला की हुकूम अमलात येण्यापूर्वीच, ८ जानेवारी १६७६ रोजी, तो मागे घ्यावा लागला. मक्का, इस्तंबूल आणि लंडन ही तीन शहरे, तीन प्रकारची राज्ये, पण चार माणसे एकत्र बसून बोलू लागली की सत्तेला वाटणारी धास्ती सारखीच.

मोखा ते चिकमगळूर

सतराव्या शतकात जगाच्या बाजारातील बहुतेक कॉफी यमनमधून येई आणि मोखा हे त्या व्यापाराचे मोठे बंदर होते. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा या बंदराशी निकटचा संबंध होता. हाजी लोकांची आणि मालाची जहाजे सुरतेहून निघत, तशीच दाभोळ, चौल या कोकणच्या बंदरांतूनही तांबड्या समुद्राकडे जात. आपल्याकडून सुती कापड जाई, तिकडून चांदी येई. त्याच वाटेने कहवाही आला. सर टॉमस रो यांच्याबरोबर आलेला एडवर्ड टेरी हा इंग्रज पाद्री १६१६ ते १६१९ या काळात हिंदुस्थानात होता. येथील धर्मनिष्ठ लोक मद्य न घेता कॉफी नावाचे पेय घेतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. लंडनला कॉफीखाना निघण्यापूर्वी सुमारे पस्तीस वर्षे हिंदुस्थानात कहवा प्यायला जात होता, हे यावरून सिद्ध होते.

परंतु पेय येणे वेगळे आणि झाड येणे वेगळे. झाड येण्याची कथा बाबा बुदन यांच्या नावाशी जोडलेली आहे. परंपरा सांगते की, हज करून परतताना या सूफी बुजुर्गांनी यमनमधून कॉफीच्या सात बिया आणल्या. उगवू शकतील अशा बिया देशाबाहेर जाऊ देत नसत, म्हणून कोणी म्हणतात त्या कमरेला बांधून आणल्या, कोणी म्हणतात दाढीत लपवून. चिकमगळूर जवळच्या डोंगरावर त्यांनी त्या पेरल्या. त्या डोंगराला आज बाबाबुदनगिरी म्हणतात. तेथील गुहेतील स्थान बाबा बुदन आणि दत्तात्रेय या दोघांच्याही नावाने ओळखले जाते. त्याच्या व्यवस्थेवरून अलीकडच्या काळात कोर्टकचेऱ्या झाल्या. परंतु पिढ्यान्पिढ्या हिंदू आणि मुसलमान दोघेही तेथे श्रद्धेने जात आले, हा इतिहास आहे.

सात बियांची कथा आख्यायिका म्हणूनच घेतली पाहिजे; तिला समकालीन लेखाचा पुरावा नाही. तरी एक गोष्ट निश्चित आहे. १६९६ साली डचांनी मलबार किनाऱ्यावरून कॉफीची रोपे जावा बेटावर नेली. ती पुरात गेली, तेव्हा १६९९ साली पुन्हा नेली. म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या पश्चिम भागात कॉफीची झाडे वाढत होती, याला व्यापारी नोंदींचा आधार आहे. बिया सात होत्या की सत्तर, हे महत्त्वाचे नाही.

या जावाच्या रोपांनी पुढे जग जिंकले. त्यांतील एक झाड १७०६ मध्ये आम्स्टरडॅमच्या वनस्पती-उद्यानात गेले. त्याचे एक रोप १७१४ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई यास भेट मिळाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत कॉफी अमेरिका खंडात पोहोचली आणि १७२७ मध्ये ब्राझीलमध्ये लागली. आज जगात सर्वांत जास्त कॉफी ब्राझील पिकवितो. भारतात कॉफीचे सुमारे सत्तर टक्के पीक कर्नाटकात निघते, आणि तेथील कोडगू व चिकमगळूर हे जिल्हे त्यात आघाडीवर आहेत.

ज्या कॉफीखान्यांना राजे भ्याले, ते आपल्याकडेही आले. १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे इंडिया कॉफी हाऊस निघाले. पुढे देशभर अशी कॉफीगृहे झाली आणि ती बंद होऊ लागली तेव्हा, १९५७ पासून, कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालविली.

या व्यापारात चवींचीही देवाणघेवाण झाली. अरबस्तानात हलकी भाजलेली कॉफी वेलदोडा घालून करतात, बिनकानाच्या लहान फिंजानमध्ये ओततात आणि खजुराबरोबर देतात. तो वेलदोडा मूळचा आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागातील. म्हणजे आपण त्यांना वेलदोडा दिला आणि त्यांनी आपल्याला बुंद दिला. तुर्की पद्धतीत पूड अगदी बारीक करून लहान पातेलीत उकळतात व वर फेस आणतात. दक्षिण भारतात चिकोरी मिसळून, गाळून, दुधाबरोबर घेतात. मराठी घरात जायफळ किसून घालतात. काश्मीरमध्ये तर 'कहवा' हे नाव हिरव्या चहाच्या केशर-दालचिनीयुक्त पेयाला मिळाले. नाव अरबस्तानाचे, पान चहाचे!

शास्त्राची साक्ष

कैरोच्या काझींनी जे बाहेरून पाहिले, त्याचे आतले कारण समजावयास पुढे सुमारे तीनशे वर्षे जावी लागली. १८१९ साली फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांतून कॅफीन हे द्रव्य वेगळे काढले. १८२७ मध्ये चहातही एक द्रव्य सापडले. त्याला प्रथम वेगळे नाव दिले गेले, पण १८३८ मध्ये ते कॅफीनच असल्याचे सिद्ध झाले. ही झाडे एकमेकांची नातलग नाहीत, तरी किडींपासून संरक्षण व्हावे म्हणून दोन्ही झाडांनी तेच द्रव्य तयार केले. आपला गवती चहा मात्र नावापुरताच चहा; त्यात कॅफीन नसते.

आपण जागे असताना मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यामुळे झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते, म्हणून झोप लांबते. लांबते म्हणजे टळते असे नव्हे; थकवा आत साचतच असतो. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जाण्यास साधारण पाच तास लागतात. नशा आणि जागृती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा काझीसाहेबांचा निष्कर्ष शास्त्राने खरा ठरविला.

तरी हकिमांची शंकाही सर्वस्वी पोकळ नव्हती. अति झाले तर अपाय होतोच. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीन ही मर्यादा सांगितली. मुलांसाठी वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम हे प्रमाण धरले. म्हणजे ४० किलो वजनाच्या विद्यार्थ्यास दिवसाला १२० मिलिग्रॅम. एक कप कॉफीत साधारण ८० ते १०० आणि एक कप चहात ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते. परीक्षेच्या दिवसांत रात्री बारानंतर थर्मास भरून बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि तो प्रेमाने भरून देणाऱ्या आयांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. यमनचे सूफी कहवा घेऊन जागत ते ठराविक रात्री, रोज नव्हे.

या इतिहासातून काय घ्यावे?

आपल्या घरांत नव्या वस्तू रोज येत असतात. मुलाच्या हातातला मोबाइल असो, मुलीने निवडलेला नवा अभ्यासक्रम असो, अथवा परगावच्या वसतिगृहात राहण्याचा प्रश्न असो, पालकांच्या मनात शंका येते. शंका येणे हा दोष नाही. खाइर बेग यांनाही शंकाच आली होती. प्रश्न आहे तो शंकेनंतर आपण काय करतो, याचा. ऐकीव साक्षीवर लगेच साठे जाळावयाचे, की काझी इब्न इलियास यांच्याप्रमाणे वस्तू घरी आणून, मुलांजवळ बसून, दिवसभर डोळे उघडे ठेवून पाहावयाचे?

आणि विद्यार्थ्यांनीही हे ध्यानात ठेवावे की, काझीसाहेबांनी तपासाअंती परवानगी दिली. तपासाशिवाय दिली नाही. नवे आहे म्हणून चांगले, असेही त्यांनी म्हटले नाही. वडीलधाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हे आपलेही काम आहे. मक्केत कहव्याचा पक्ष मांडणारा कोणी नीट बोलला असता, तर कदाचित कैरोपर्यंत जावेच लागले नसते.

कहवा अखेर निर्दोष सुटला. तो सुटला याचे श्रेय जसे त्याच्या सुगंधाला नाही, तसे लोकांच्या आवडीलाही नाही. ते श्रेय घरात चार माणसांना बसवून, पेला हातात देऊन, त्यांच्याशी बोलत बसलेल्या एका काझीच्या सबुरीला आहे.